माळरानावरची सरमिसळ

दौंड तालुक्याचे दोन भाग पाण्यानेच पाडले आहेत. खडकवासल्याचा उजवा कालवा, मुळा-मुठा आणि भीमा यांचे पाणी जिथवर पोचते तिथवर ऊस, आणि पाणी चढत नाही तिथे मुरमाड माळ. कुरकुंभपासून सुप्याकडे जाणाऱ्या पट्ट्यात हा माळ अजून बऱ्यापैकी दिसतो: कुसळी, पवन्या, तरवड, मधूनच एखादा हिवर. शिरूर तालुक्यातही घोडनदीकाठची बागायत मागे पडली की असेच उघडे, चढउताराचे रान लागते. घाईत जाणाऱ्याला ते रिकामे वाटते. पण चिंकारा, खोकड, ससा आणि लांडगा यांचे घर तेच आहे. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये जाहीर झाले, त्याचे क्षेत्र अवघे ५.१४ चौरस किलोमीटर. लांडग्याचा एक कळपसुद्धा तेवढ्यात भागवू शकत नाही. हे प्राणी राहतात ते गायरानात, वनखात्याच्या सुट्या तुकड्यांत, पडीक शेतांत आणि उसाच्या कडेने.

याच माळावरच्या दोन रहिवाशांमुळे जीवशास्त्रातला एक जुना प्रश्न महाराष्ट्राच्या दाराशी आला आहे. दोन वेगळ्या वंशांचा संकर झाला की पुढे काय होते? वंश बुडतो, बदलतो, की त्याला काही नवे मिळते? या प्रश्नाचा जगातला फार खोल अभ्यास सशांवर झाला. पुणे जिल्ह्यात मात्र तो लांडग्याच्या रूपाने समोर आला. या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे संकर वाईटच किंवा संकर निसर्गाचाच भाग, ही दोन्ही घाईची मते टिकत नाहीत.

आधी ससा. दौंड-शिरूरच्या माळावरचा ससा म्हणजे लेपस नायग्रिकॉलिस, मानेमागे काळा पट्टा असलेला. तो बिळात राहत नाही. गवतात किंवा झुडपाच्या बुडाशी अंगाच्या मापाची जागा दाबून दिवसभर तिथेच बसतो आणि पाऊल अगदी जवळ येईपर्यंत हलत नाही. त्याची पिल्ले अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतात. घरी पाळला जाणारा पांढरा ससा याचा जवळचा भाऊ नव्हे. तो युरोपात बिळे खोदून राहणाऱ्या प्राण्याचा वंशज, आणि त्याची पिल्ले उघडी, आंधळी जन्मतात. रानसशाच्या पेशीत ४८ गुणसूत्रे असतात, पाळीव सशाच्या पेशीत ४४. दोघांच्या वाटा फुटून एक कोटी वर्षांच्या आसपास काळ गेला आहे. त्यामुळे पिंजऱ्यातून सुटलेला पांढरा ससा माळावर गेला तरी रानसशाच्या वंशात त्याची भर पडत नाही.

संकराचा खरा प्रश्न रानसशांच्या आपापसातला आहे. लेपस या गणात जगभर तीसच्या वर प्रजाती मानल्या जातात. उत्तर ध्रुवाजवळच्या पांढऱ्या सशापासून थरच्या वाळवंटातल्या सशापर्यंत त्या पसरल्या आहेत, पण सगळ्यांची गुणसूत्रे ४८च. २०२१ मध्ये ‘सिस्टिमॅटिक बायॉलॉजी’ या नियतकालिकात १५ प्रजातींच्या जनुकांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात या गणाचा विस्तार सुमारे ५८ लाख वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेत सुरू झाला, आणि पुढे तो युरेशिया व आफ्रिकेत पोचला, असे चित्र निघाले. उत्क्रांतीच्या हिशोबात हा काळ थोडा आहे. वंश वेगळे झाले, पण त्यांच्यातली दारे पक्की बंद झाली नाहीत. फांद्या फुटत असतानाही त्या पुन्हा पुन्हा एकमेकींना जनुके देत राहिल्या, हाच त्या अभ्यासाचा मुख्य निष्कर्ष होता.

महाराष्ट्राचा या गोष्टीत फार जुना वाटा आहे, आणि तो जवळपास विसरला गेला आहे. मानेवर काळा पट्टा असलेल्या सशाला फ्रेडेरिक क्यूव्हिए या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने १८२३ मध्ये नाव दिले. तीन वर्षांनी उत्तर भारतातल्या, मानेवर काळा रंग नसलेल्या आणि शेपटीवर तांबूस छटा असलेल्या सशाला लेपस रुफिकॉडेटस हे वेगळे नाव मिळाले. दोघांमधली सीमा म्हणून पुढे साधारणपणे गोदावरीकडे बोट दाखवले जाऊ लागले. शिरूरहून अहिल्यानगरमार्गे सरळ निघाले तर सुमारे सव्वाशे किलोमीटरवर, कायगाव टोक्याला, हीच गोदावरी ओलांडावी लागते. पण ससा नदी पाहून थांबत नाही. उन्हाळ्यात वाळू उघडी पडलेले पात्र त्याला अडवण्याइतके मोठे नसते.

मग सीमेवर काय दिसत होते? १९११ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने भारतातल्या सस्तन प्राण्यांचे सर्वेक्षण सुरू केले, आणि त्याची सुरुवात खानदेशातून झाली. सी. ए. क्रंप या संग्राहकाने तिथे कातडी आणि कवट्या गोळा केल्या. वनखात्यातून निवृत्त झालेले आर. सी. रॉटन यांनी त्या लंडनमध्ये तपासून १९१२ मध्ये सर्वेक्षणाचा पहिला अहवाल लिहिला. खानदेशचा ससा त्यांना ना पुरता दक्षिणेचा वाटला, ना पुरता उत्तरेचा. त्यांनी त्याला स्वतंत्र प्रजाती ठरवून लेपस सिमकॉक्सी असे नाव दिले. सिमकॉक्स हे तेव्हा खानदेशात असलेले आयसीएस अधिकारी. पुढच्याच वर्षी सातपुड्यातल्या महादेव डोंगररांगेतून आणखी एक ससा वेगळा काढला गेला आणि त्याचे नाव महादेवा ठेवले गेले.

आज ही सगळी नावे एकाच प्रजातीखाली उपजाती म्हणून मांडली जातात. कातडीचा रंग आणि कवटीचे माप एवढ्यावर त्या काळी प्रजाती ठरत असे, आणि रंग तर जमिनीप्रमाणे बदलतोच. तरीही रॉटन यांच्या नजरेने टिपलेला फरक टाकाऊ नव्हता. दोन रूपे जिथे भेटतात तिथे मधली रूपे सापडावीत हे साहजिक आहे. ती मधली रूपे दोन वंश एकमेकांत मिसळल्याने तयार झाली, की एकच वंश उत्तर-दक्षिण हळूहळू रंग बदलत गेला, हे फक्त कातडी पाहून कुणालाच सांगता आले नसते. त्यासाठी डीएनए हवा होता, आणि डीएनए वाचण्याची सोय होईपर्यंत अभ्यासकांचे लक्ष युरोपातल्या सशांकडे वळले.

युरोपात हा प्रश्न शिकाऱ्यांनी तयार केला होता. स्वीडनमध्ये मूळचा ससा डोंगरी, हिवाळ्यात पांढरा होणारा. एकोणिसाव्या शतकात शिकारीसाठी तिथे मध्य युरोपातला तपकिरी, मोठ्या अंगाचा ससा आणून सोडला. १९०५ मध्येच आयनार लोनबर्ग यांनी या दोघांच्या संकरातून झालेल्या सशांचे वर्णन प्रसिद्ध केले होते. पुढे बंदिस्त जागेत केलेल्या प्रयोगांत असे संकरित ससे स्वतःही पिल्ले देऊ शकतात हे दिसले. १९९७ मध्ये कार्ल-गुस्ताव थुलीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपकिरी सशांच्या पेशींत डोंगरी सशाचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए शोधून काढला. हा डीएनए फक्त आईकडून येतो. म्हणजे दिसायला पूर्ण तपकिरी असलेल्या त्या सशाच्या मागे कधीतरी एक डोंगरी मादी होती.

उलट दिशेने, म्हणजे तपकिरी मादी आणि डोंगरी नर असा संकर फारसा दिसत नाही. तपकिरी नर अंगाने मोठा. मादीच्या पाठीमागे धावण्याच्या शर्यतीत तो लहान चणीच्या डोंगरी नराला हुसकावून लावतो. पिल्ले डोंगरी आईच्या पोटी वाढतात, पुढच्या पिढ्या तपकिरी नरांशी जुगतात, आणि काही पिढ्यांत डोंगरी वंशाच्या खुणा बहुतेक पुसल्या जातात. आईच्या बाजूने आलेला तो एक धागा मात्र राहतो.

इबेरियन द्वीपकल्पातली गोष्ट याहून नवलाची आहे. स्पेन आणि पोर्तुगालमध्ये डोंगरी ससा आज नाही. शेवटचे हिमयुग ओसरल्यावर, हजारो वर्षांपूर्वी, तो तिथून नाहीसा झाला. तरीही पोर्तो विद्यापीठाच्या पाउलो सेलियु आल्व्हेश, झुझे मेलु-फरेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी द्वीपकल्पाच्या उत्तर भागातले ससे तपासले, तेव्हा तिथल्या तिन्ही प्रजातींच्या अंगात डोंगरी सशाचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए सापडला. हवामान उबदार होत गेले तसा दक्षिणेचा इबेरियन ससा उत्तरेकडे सरकला, वाटेत डोंगरी माद्यांशी त्याचा संकर झाला, आणि डोंगरी ससा संपला तरी त्याच्या माद्यांचा वारसा दुसऱ्यांच्या पोटात राहिला. एखाद्या प्राण्याचे नामोनिशाण संपलेल्या मुलखात त्याच्या अस्तित्वाचा पुरावा जिवंत सशांच्या रक्तात मिळावा, हे या विषयातले सर्वांत सुंदर संशोधन म्हणावे लागेल.

तरी हा वारसा उपयोगाचा होता का, हा प्रश्न राहतोच. त्याचे उत्तर उत्तर अमेरिकेतून आले. तिथला स्नोशू ससा हिवाळ्यात पांढरा होतो, पण प्रशांत महासागराच्या किनाऱ्याजवळ, जिथे बर्फ कमी पडतो, तिथले ससे वर्षभर तपकिरी राहतात. बर्फ नसलेल्या जमिनीवरचा पांढरा ससा लांबूनच शिकाऱ्याच्या नजरेत भरतो, तेव्हा तपकिरी राहणे हाच तिथे जगण्याचा उपाय. मोंटाना विद्यापीठाच्या मॅथ्यू जोन्स, स्कॉट मिल्स, जेफ्री गुड आदींनी २०१८ मध्ये ‘सायन्स’मध्ये दाखवले की हा फरक अगूटी नावाच्या, केसांचा रंग ठरवणाऱ्या एका जनुकाशी बांधलेला आहे. आणि तपकिरी हिवाळी कोट देणारे त्या जनुकाचे रूप स्नोशू सशाचे स्वतःचे नाही. ते काळ्या शेपटीच्या जॅकरॅबिट या दुसऱ्या प्रजातीकडून, जुन्या संकरातून आलेले आहे.

वर्षभरातच दुसरे उदाहरण पुढे आले. १८५५ मध्ये नॉर्वेतून काही डोंगरी ससे फॅरो बेटांवर नेऊन सोडले होते. सुरुवातीला ते हिवाळ्यात पांढरे होत. बेटांवर बर्फ फार टिकत नाही. पासष्टेक वर्षांत सगळेच ससे हिवाळ्यात करडे राहू लागले. २०१९ मध्ये ‘पीएनएएस’ या नियतकालिकातल्या अभ्यासाने त्याचे मूळ पुन्हा अगूटी जनुकाजवळ शोधले, आणि हे करडे रूपही हिवाळ्यात रंग न बदलणाऱ्या दुसऱ्या प्रजातीकडून जुन्या संकरात आले असल्याचे दाखवले. मुख्य भूमीवर ते मोजक्याच सशांत दबून होते. बेटावर परिस्थिती बदलली आणि नैसर्गिक निवडीने त्याला वर काढले. पृथ्वी तापते आहे, बर्फाचे दिवस कमी होत आहेत, अशा वेळी अशा उसन्या जनुकांचे मोल किती, हे वेगळे सांगायला नको.

पण सगळ्याच गोष्टी अशा गोड नाहीत. आयर्लंडचा ससा डोंगरी सशाचीच उपजाती असला तरी तो हिवाळ्यात पांढरा होत नाही, आणि जगात दुसरीकडे कुठे मूळचा सापडत नाही. अल्स्टर भागात बाहेरून आणलेला तपकिरी ससा वाढला आहे, दोघांचा संकर होतो आहे, आणि स्थानिक वंश त्यात विरघळण्याची भीती तिथल्या अभ्यासकांना वाटते. मोठी संख्या आणि छोटी संख्या यांची गाठ पडली की संकराचा अर्थ बदलतो, हे तिथे स्पष्ट दिसते.

हाच धागा पुन्हा पुणे जिल्ह्यात येतो.

भारतीय लांडग्याचे शास्त्रीय नाव दख्खनमधूनच निघाले. कर्नल विल्यम हेन्री साइक्स मुंबई सरकारसाठी दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करत होते. त्यांनी १८३१ मध्ये इथल्या सस्तन प्राण्यांची यादी लंडनच्या प्राणिशास्त्रीय सोसायटीपुढे मांडली आणि त्यात या लांडग्याला कॅनिस पॅलिपेस म्हटले. पुढे तो जगभरच्या करड्या लांडग्याची उपजाती गणला गेला. युरोपातल्या लांडग्याहून अंगाने लहान, आखूड केसांचा, उन्हाला सरावलेला. या शतकात डीएनएने त्याची किंमत वाढवली. २००४ मध्ये दिनेश शर्मा, यादवेंद्रदेव झाला आदींच्या अभ्यासाने भारतातल्या लांडग्यांचे वंश फार जुने असल्याचे दाखवले. २०२१ मध्ये लॉरेन हेनेली आणि सहकाऱ्यांनी संपूर्ण जनुकसंच वाचून तेच अधिक ठामपणे मांडले: भारतीय लांडगा काही लाख वर्षांपूर्वी इतरांपासून वेगळा झाला, आणि आज जगात शिल्लक असलेल्या लांडग्यांच्या सर्वांत वेगळ्या शाखांपैकी तो एक आहे. भारतात त्याची संख्या तीन हजारांच्या आसपास असल्याचा अंदाज आहे. म्हणजे वाघाहून तो जास्त नाही.

पुण्याच्या आसपासच्या माळांवर फिरून लांडग्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या ‘द ग्रासलँड्स ट्रस्ट’ या संस्थेच्या लोकांना काही प्राणी वेगळे दिसले. अंगाची ठेवण लांडग्याची, पण कोटाचा रंग लांडग्याचा नव्हे. वर्षानुवर्षे तेच कळप पाहणाऱ्या माणसाच्या डोळ्यालाच असा फरक कळतो. संस्थेचे मिहिर गोडबोले, बंगळुरूच्या ‘एट्री’ या संशोधन संस्थेचे अबी तमीम वनक, ‘एनसीबीएस’ या संशोधन केंद्राचे अभिनव त्यागी आणि उमा रामकृष्णन यांनी एकत्र येऊन संशय असलेल्या प्राण्यांचा जनुकसंच वाचला आणि तो लांडगे व कुत्रे यांच्या जनुकसंचांशी ताडून पाहिला. संकर सिद्ध झाला. २०२३ मध्ये ‘इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन’मध्ये हे निष्कर्ष आले. भारतात लांडगा आणि कुत्रा यांच्या संकराचा जनुकीय पुरावा मिळाल्याची ही पहिली वेळ. सामान्य निसर्गप्रेमींच्या निरीक्षणातून हा शोध सुरू झाला हे निबंधाच्या शीर्षकातच म्हटले आहे, आणि ते योग्यच आहे.

संकर ताजा की जुना, हे जनुकसंच कसे सांगतो? संकरातून झालेल्या पहिल्या पिल्लाच्या प्रत्येक गुणसूत्रजोडीत एक अख्खे गुणसूत्र एका बाजूचे आणि एक दुसऱ्या बाजूचे असते. पुढच्या प्रत्येक पिढीत बीजपेशी तयार होताना या जोड्यांत अदलाबदल होते आणि परक्या वंशाचे तुकडे लहान होत जातात. तुकडे लांब असतील तर संकर अलीकडचा, बारीक असतील तर फार जुना. स्पेनच्या सशांत आणि अमेरिकेच्या स्नोशू सशांत सापडतात ते हजारो वर्षांच्या काटछाटीतून उरलेले बारीक तुकडे. निवडीने त्यांतले नकोसे काढून टाकले आणि उपयोगाचे ठेवले. त्या चाळणीला वेळ मिळाला होता.

लांडगा आणि कुत्रा यांच्यात जैविक अडथळा जवळजवळ नाही. दोघांची गुणसूत्रे ७८, पिल्ले धडधाकट आणि पुढे वंश वाढवणारी. एरवी त्यांना वेगळे ठेवते ती वागणूक. लांडगे कळपात राहतात, जोडी जमवतात, परक्या कुत्र्याला हुसकावतात, प्रसंगी मारतात. लांडग्यांत मादी वर्षातून एकदा ठरावीक काळात माजावर येते, कुत्र्यांना असे बंधन नाही. कळप मोडला, नर मेला, तरुण मादी एकटी भटकू लागली आणि तिला जोडीदार मिळेना, की मग जवळपास जो असेल तो नर. जगभरच्या बहुतेक नोंदींत संकर होतो तो लांडग्याची मादी आणि कुत्र्याचा नर यांच्यात. स्वीडनमधल्या सशांसारखीच ही एकतर्फी वाट आहे.

आणि जवळपास कोण असतो हे आकडे सांगतात. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे १ कोटी ५३ लाख भटके कुत्रे मोजले गेले, त्यांतले साडेबारा लाखांहून अधिक एकट्या महाराष्ट्रात. पुणे-सोलापूर आणि पुणे-अहिल्यानगर महामार्गांवरचे ढाबे, कोंबड्यांचे फार्म, कुरकुंभ आणि रांजणगावच्या औद्योगिक वसाहतींच्या कडेचा कचरा, गावाबाहेर टाकलेली मेलेली जनावरे, यांवर कुत्री वाढतात आणि माळावर शिरतात. धनगरांच्या वाड्याबरोबर फिरणारा राखणीचा कुत्रा मेंढरांपाशी असतो, त्याला मालक असतो, आणि लांडग्याशी त्याचे वैर पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. त्याला आणि उकिरड्यावरच्या मोकाट टोळीला एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल.

कुत्रा लांडग्यापासूनच आला, तर मग त्याचे रक्त लांडग्यात आल्याने काय बिघडले, असे कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. पण कुत्रा या लांडग्याचा वंशज नाही. किमान पंधरा हजार वर्षांपूर्वी माणसाळलेले कुत्र्यांचे पूर्वज युरेशियातल्या दुसऱ्या, आता नष्ट झालेल्या लांडग्यांतून आले. भारतीय लांडग्याची शाखा त्याच्या कितीतरी आधी वेगळी झाली होती. शिवाय कुत्र्यात माणसाने हजारो वर्षे जे गुण निवडले, ते माणसाजवळ राहण्याचे आहेत. माणसाला न बुजणारा लांडगा वस्तीजवळ येईल, शेळ्या जास्त मारेल, आणि त्याचा राग सगळ्या कळपावर निघेल.

तरीही या बाजूलाही एक अपवाद आहे, आणि तो प्रामाणिकपणे मांडायला हवा. उत्तर अमेरिकेतल्या काळ्या लांडग्यांचा रंग कुत्र्यांकडून आला. स्टॅनफर्डच्या ग्रेगरी बार्श यांच्या गटाने २००९ मध्ये ‘सायन्स’मध्ये हे दाखवले. तो संकर हजारो वर्षांपूर्वीचा. त्या रंगाच्या जनुकाचा संबंध रोगप्रतिकाराशीही आहे, आणि यलोस्टोन व इतर ठिकाणच्या नोंदींवरून २०२२ मध्ये असे दिसले की जिथे डिस्टेंपरची साथ येत राहते तिथे काळे लांडगे जास्त. डिस्टेंपर हा कुत्र्यांमार्फत पसरणारा रोग. म्हणजे कुत्र्याकडून आलेल्या जनुकाने लांडग्याला कुत्र्याच्या रोगाशी लढायला मदत केली.

मग पुण्याच्या लांडग्यालाही असे काही मिळेल म्हणून स्वस्थ बसावे का? तसे म्हणण्यात मोठी चूक होईल. अमेरिकेत ते जनुक मिसळले तेव्हा लांडगे खंडभर पसरलेले होते आणि कुत्री मोजकी. इथे प्रमाण उलटे आहे. स्कॉटलंडच्या रानमांजराचे उदाहरण डोळ्यांपुढे आहे: घरगुती मांजरांशी इतका संकर झाला की २०१९ मध्ये तिथली रानातली संख्या आता आपल्या बळावर टिकण्याजोगी राहिलेली नाही, असा निष्कर्ष तज्ज्ञांना काढावा लागला. इथिओपियाच्या बाले डोंगरांत लांडग्यांना कुत्र्यांकडून संकराबरोबर रेबीजही मिळाला, आणि रेबीजने त्यांचे जास्त नुकसान केले. दख्खनमध्येही रेबीज आणि डिस्टेंपर या दोन्ही साथी संकराहून लवकर घाव घालतील. रोग एका हंगामात कळप संपवतो, संकराला काही पिढ्या लागतात. सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर वनक यांनी खोकडांचा अभ्यास केला, तेव्हा कुत्री असलेल्या जागा खोकड टाळतात, चांगले अन्न असले तरी तिथे कमी फिरतात, असे दिसले होते. म्हणजे कुत्र्यांचा भार माळावरच्या लहान प्राण्यांवरही पडतो. सशाचे पिल्लू तर कुत्र्याला सहज सापडते.

या सगळ्याच्या मुळाशी जमीन आहे. सरकारी दप्तरात असे माळ बहुतेक वेळा ‘पडीक’ या सदरात जातात, आणि पडीक जमीन म्हणजे काहीतरी उभारण्यासाठी मोकळी जागा. वनक आणि एम. डी. मधुसूदन यांनी उपग्रहचित्रांवरून काढलेल्या नकाशाप्रमाणे भारताच्या भूभागाचा सुमारे दहावा हिस्सा अशा कोरड्या, खुल्या परिसंस्थांचा आहे. त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा, आणि संरक्षित क्षेत्रात त्यातला पाच टक्क्यांहून कमी भाग. हे माळ जंगल तोडून झालेले उजाड रान आहेत हा समजही आता टिकत नाही. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५ मध्ये जुन्या मराठी साहित्यातले आणि लोकपरंपरेतले वनस्पतींचे उल्लेख तपासून पश्चिम महाराष्ट्रातली ही गवताळ, काटेरी राने किमान साडेसातशे वर्षे तशीच असल्याचे दाखवले. तरी त्यांवर खड्डे खोदून झाडे लावण्याचे कार्यक्रम होतात, सौर प्रकल्प येतात, प्लॉट पडतात. माळाचे तुकडे झाले की कळप सुटे होतात, एकट्या माद्या वाढतात, आणि संकराची वाट आपोआप रुंद होते. कुत्र्यांचे निर्बीजीकरण आणि लसीकरण गावागावांत व्हायलाच हवे. पण सलग माळ राखला नाही तर तो उपाय अपुरा पडेल.

सशाच्या बाबतीत मात्र अजून वेळ गेलेली नाही. लांडग्याच्या जनुकांवर भारतात वीस वर्षे काम झाले, दख्खनच्या सशाला तेवढा मान मिळालेला नाही. वाघ-बिबट्यांपुढे सशाचा अभ्यास किरकोळ समजला जातो, हे खेदाचे आहे. दोन रूपे जिथे भेटतात ती पट्टी महाराष्ट्रातून जाते, युरोपातल्या अभ्यासकांनी जशी पट्टी शोधायला देश पालथे घातले तशी. आणि इथे तिचा जुना पुरावाही शाबूत आहे. क्रंप यांनी आणि त्यांच्यानंतरच्या संग्राहकांनी सर्वेक्षणात गोळा केलेली कातडी मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहात आणि लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहेत. शंभर वर्षांच्या कोरड्या कातडीच्या बारीक तुकड्यातून डीएनए काढणे आता अवघड राहिलेले नाही. आजचे नमुने मिळवायला एकही ससा मारावा लागणार नाही. अहिल्यानगर आणि सोलापूरकडे जाणाऱ्या रस्त्यांवर रात्री वाहनाखाली ससे मरतात. वन्यजीव कायद्यानुसार त्यांचे मृत शरीरही सरकारी मालमत्ता असते, त्यामुळे वनखात्याची परवानगी घेऊन, जागा आणि तारीख नोंदवून, कानाचा छोटा तुकडा अल्कोहोलमध्ये जपून ठेवावा लागेल. दौंडपासून शिरूर, नेवासे, गोदावरी ओलांडून खानदेशापर्यंत असे शे-दोनशे नमुने जमले, तर मानेवरचा काळा रंग देणारे जनुक उत्तरेकडे कुठवर पोचले आहे, ते गोदावरीपाशी अडते की पार तापीपर्यंत जाते, आणि रॉटन यांचा सिमकॉक्सी ससा नेमका कुणाकुणाचा वारस आहे, हे सांगता येईल.